कुरणशाळा

दिवाळीच्या करंजीत चारोळी पडते. श्रीखंडावर पडते, बासुंदीत पडते. दुकानातून ती लहानशा पुडीत येते आणि इतकी महाग असते की घरातील जाणत्या बाईच्या चिमटीतून ती मोजूनमापूनच सुटते. पण ही चारोळी ज्या झाडाला लागते ते झाड कोणी पाहिले आहे काय, असा प्रश्न ऐन फराळाच्या वेळी चारचौघांत टाकून पाहावा. आमच्या नागपुरात तर तो अवश्य टाकावा. कारण ते झाड काही काश्मीरहून येत नाही. रामटेक-पारशिवनीच्या रानात ते आहे, भंडारा-गोंदियाकडे आहे. त्याचे नाव नुसते 'चार'. उन्हाळ्यात त्याला काळसर जांभळी, बोराहून लहान फळे येतात. गर मुले खातात, आणि बी वाळवून, फोडून जो दाणा निघतो तो आपल्या करंजीत येतो. दाणा शहरात आला, झाड मात्र शहराच्या ओळखीचे झाले नाही.

मी शाळामास्तर आहे. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो आणि रविवारी सकाळी वीसएक मुलांना घेऊन कधी सेमिनरी हिल्सच्या झाडीत, कधी अंबाझरीच्या बाजूला, कधी गोरेवाड्याकडे जातो. वर्षातून एकदोनदा पेंचच्या बाजूच्या रानापर्यंत मजल जाते. तेथेच एका एप्रिलमध्ये आम्ही एका झाडाखाली उभे होतो. मी काही सांगण्यापूर्वीच मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, हे तं चाराचं झाड आहे नं." वर्गात ही मुलगी कधी बोलत नसे. गणितात कच्ची, शुद्धलेखनात त्याहून कच्ची. तिचे आजोळ तिकडचे. चाराची फळे कोणत्या बाजूने आधी पिकतात, बी दगडावर कशी फोडायची म्हणजे दाणा चिरडत नाही, टेंभरं कधी खायची आणि कधी खाल्ली तर तोंड आवळते, हे सगळे तिने दहा मिनिटांत सांगितले. दोन डॉक्टरांची आणि एका प्राध्यापकाची मुले तोंड उघडे टाकून ऐकत होती. तिला हे कोणी शिकवले असे मी विचारले. ती जरा गोंधळली. शिकवले असे तिला वाटतच नव्हते.

ते कोठे आणि कोणी शिकवले जाई, याचा शोध घेऊ लागलो म्हणजे आपण नागपूरच्या मुळाशीच जाऊन पोचतो. हे शहर अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने वसवले. बारा वाड्या एकत्र करून. आणि गोंडांच्या परंपरेत मुलांच्या शिक्षणाचा पहिला गुरू ठरलेला आहे, तो म्हणजे पारी कुपार लिंगो. गोटुल ही संस्था त्याने घालून दिली असे गोंड मानतात. गडचिरोलीच्या माडिया गावांत आणि पलीकडे बस्तरात गावच्या पोरापोरींचे हे स्वतंत्र घर असे. व्हेरियर एल्विन यांनी १९४७ साली मुरियांच्या गोटुलावर मोठा ग्रंथ लिहिला आणि जगभर त्याची चर्चा झाली. पण चर्चा झाली ती बहुतेक तरुण-तरुणींच्या संबंधांची. मोठी मुले लहानांना तेथे काय काय शिकवत, कोणत्या कुळाने कोणते झाड तोडायचे नाही आणि कोणत्या प्राण्याला हात लावायचा नाही ही समज कशी मुरत जाई, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. चटकदार तेवढे उचलावयाचे ही वाचकांची खोड जुनीच आहे. ती उणीव पुढे आमच्याच जिल्ह्यातील एका माणसाने भरून काढण्याचा यत्न केला. रामटेक तालुक्यातल्या दुलारा गावी १९४९ साली जन्मलेले मोतीरावण कंगाली नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करीत आणि उरलेला सगळा वेळ गोंडी भाषेला व परंपरेला देत. २०१५ साली ते वारले.

लिंगोचे गाणे कागदावर उतरवून घेण्याचे श्रेय मात्र एका स्कॉटिश पाद्र्याकडे जाते. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आला, त्याने शाळा काढली. आजचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. शाळेच्या भिंतींत मावणारा हा मास्तर नव्हता. १८५१ साली तो आणि त्याचा सोबती रॉबर्ट हंटर नागपूरच्या पश्चिमेस टाकळीकडे फिरावयास गेले असता त्यांना काळ्या दगडाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातले शंखशिंपले दगड होऊन बसलेले सापडले. लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या काळात येथे तळी होती, हे त्यातून कळले. नागपूरच्या मुलांना अजूनही हे सांगितले म्हणजे ती पायाखाली वाकून पाहू लागतात. गोंडांची गाणी, चालीरीती, शब्द हे सारे हिस्लॉपने परधानांकडून ऐकून लिहून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची जुनी दगडी वर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या नाल्यात तो बुडून मेला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापले. हिस्लॉप धर्मप्रसाराला आला होता हे खरे, आणि ते विसरण्याचे कारण नाही. पण या शहरातला शाळा चालवणारा एक माणूस ऐकण्यासाठी परधानाच्या समोर बसला, हेही तितकेच खरे आहे.

पुढची पन्नास-साठ वर्षे उलट्या दिशेने गेली. १८७८ च्या कायद्याने रान 'राखीव' झाले. ज्या पोराने काल बकऱ्या हाकीत रानात जावे आणि संध्याकाळी ओंजळभर चारे घेऊन यावे, तेच पोर आज गुन्हेगार ठरू लागले. विदर्भातल्या लोकांनी हा कायदा मोडला तो १९३० च्या जुलैत. लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरून गवत कापले. मिठागरे नसलेल्या प्रांताचा हा मिठाचा सत्याग्रह. मूठभर गवताने सरकार हादरते, हे तेव्हा दिसले. हे गवत वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा आपल्या वाटेत येणार आहे.

इकडे शाळा वाढत होत्या, पण त्या भिंतींच्या. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात झाडाखाली वर्ग बसवले. ऑक्टोबर १९३७ मध्ये नागपूरपासून अवघ्या पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याला, गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि झाकिर हुसेन समितीच्या हातून नयी तालीम जन्माला आली. हातांनी शिकावे ही त्या शिक्षणाची ग्वाही मोलाची होती. परंतु तिच्या केंद्रस्थानी होती टकळी, शेत आणि सफाई. रान तिच्या कडेला राहिले. सेवाग्रामच्या आवारातील आनंदनिकेतन शाळा २००५ साली पुन्हा सुरू झाली; तेथील मुले बागेत-शेतात शिकतात. आमच्या विदर्भातले हे एक चांगले काम आहे, एवढे नोंदवून पुढे जातो, कारण मला ज्या शाळेविषयी लिहावयाचे आहे ती अरबी समुद्राकडेला आहे.

तिच्या संस्थापिकेचा एक धागा मात्र विदर्भात अडकलेला आहे. ताराबाई मोडक १९१५ च्या सुमारास लग्न होऊन अमरावतीस आल्या. यजमान तेथे वकील. ताराबाई मुंबईच्या पदवीधर, प्रार्थना समाजाच्या वातावरणात वाढलेल्या. तो संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या, तेथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या आणि मग ती मानाची नोकरीही सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ साली दादरला शिशुविहार निघाले. माँटेसरीबाईंची पद्धत या दोघांनी देशी केली. पण ताराबाईंना एक गोष्ट टोचत असावी, कारण पुढचे पाऊल त्यांनी जे टाकले ते कोणत्याही सुखी शिक्षणतज्ज्ञाने टाकले नसते. १९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीच्या किनाऱ्यावर जाऊन राहिल्या. सोबतीला पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न, वर्षाच्या आत वैधव्य, मग प्राथमिक शिक्षिकेची नोकरी, आणि नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक. माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याला या शेवटच्या गोष्टीचा जरा जास्तच अभिमान वाटतो, तो वाचकांनी पोटात घालावा.

तो मुलूख त्या वर्षी कसा होता हे जाणून घेतल्याशिवाय त्यांच्या कामाची किंमत कळणार नाही. डहाणू-उंबरगाव-तलासरीकडचे वारली वेठबिगारीत पिचले होते. जमीनदारांनी विस्तीर्ण जमिनी गवताखाली ठेवल्या होत्या. मुंबईच्या तबेल्यांतील म्हशींना ते गवत जाई. वारल्याने ते कापावे, भारे बांधावे, आणि मजुरी म्हणून हाती येईल ते घ्यावे. मे १९४५ मध्ये झरीला परिषद झाली, गोदावरी आणि शामराव परुळेकर वारल्यांच्या मागे उभे राहिले. पाचशे रत्तल गवत कापण्याला अडीच रुपये हवेत, ही मागणी घेऊन लोक संपावर गेले. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन पाच माणसे पडली. त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी दोन पांढरपेशा बाया त्याच टापूत बालशिक्षण केंद्र उघडून बसतात. परुळेकरांचा मार्ग वेगळा, ताराबाईंचा वेगळा. दोघांच्या अनुयायांनी एकमेकांची फारशी दखल घेतलेली दिसत नाही. पण गवत एकच होते.

बोर्डीच्या केंद्रात गावची मुले येत. आदिवासी मुले येईनात. ती येत नाहीत म्हणून मग शिक्षिका त्यांच्या पाड्यावर जाऊ लागल्या. कोणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची, त्यांना न्हाऊ घालायचे, नखे कापायची, गाणी म्हणायची, आणि त्या गडबडीत शिकवायचे. ही अंगणवाडी. १९५७ च्या सुमारास सारा बाडबिस्तरा डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलला. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या घरात होत्या. टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची एक साखळी उभी राहिली. तान्ह्या भावंडाला पाळणाघरात ठेवता आले म्हणजे त्याला सांभाळणारी सहा-सात वर्षांची बहीण शाळेत मोकळी होते, हा साधा हिशेब त्यामागे होता. शिक्षणावरचे जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्यांना हा हिशेब पुष्कळदा सुचत नाही.

तरीही एक वर्ग निसटलाच. आठ-दहा वर्षांची मुले सकाळीच गुरे घेऊन निघून जात. गुरे दुसऱ्याची, आणि पोटाला मिळणारा घास त्या गुरांवर अवलंबून. त्यांना शाळेत बोलावणे म्हणजे उपाशी राहा असे सांगणे होते. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अशा ठिकाणी बापाला दंड करतो आणि फाईल बंद करतो. कोसबाडच्या बायांनी उलटे केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल. मूल कुरणात आहे, तर शाळा कुरणात. तिचे नाव पडले कुरणशाळा.

कुरणशाळेचा शिक्षक म्हणजे काय, हे मी माझ्या रविवारच्या अनुभवावरून थोडे ओळखू शकतो. वर्गात मास्तरच्या हाती दार असते. ते लावले की निम्मी शिस्त आपोआप येते. रानात दार नाही. गुरे पुढे सरकली की मुले सरकणार आणि मुलांमागे शिक्षकाने सरकायचे. घंटा नाही, सावली कोठे गेली त्यावर वेळ. फळा नाही; ओल्या मातीवर काडीने अक्षर काढायचे आणि गुराच्या खुराखाली ते पुसले गेले की पुन्हा काढायचे. माँटेसरीची रंगीत ठोकळ्यांची पेटी विलायती आणि महाग. ताराबाई-अनुताईंनी तिच्या जागी बिया, खडे, शिंपले, पाने, काड्या आणल्या. मोजायला चिंचोके, लहानमोठे लावायला खडे, आकार ओळखायला पाने. शिवाय ही सामग्री मुलाच्या ओळखीची. खरे तर शिक्षिकेपेक्षा मुलाच्याच अधिक ओळखीची. शहरातून आलेल्या बाईने पान हातात घ्यावे आणि त्याचे नाव नऊ वर्षांच्या गुराख्याला विचारावे! मास्तरने विचारायचे आणि पोराने सांगायचे, हा उलटा वर्ग सुरू झाला की मग अक्षरे शिकवण्याला पोराची हरकत राहत नाही. मी हे वारंवार पाहिले आहे. ज्याला एकदा गुरू केले त्याला शिष्य होण्यात कमीपणा वाटत नाही.

त्याच सुमारास, म्हणजे १९५० नंतरच्या दशकात, डेन्मार्कमध्ये एला फ्लाटाउ नावाची एक आई आपल्या आणि शेजारच्या मुलांना घेऊन रोज रानात जाऊ लागली. त्यातून युरोपात रानातल्या बालवाड्यांची चळवळ वाढली. जर्मनीत १९९३ साली फ्लेन्सबुर्गला अशी बालवाडी सरकारमान्य झाली आणि नंतर तिचे लोण देशभर पसरले. आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही भरपूर फी घेऊन मुलांना मातीत खेळवणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्या माहितीपत्रकांत डेन्मार्कचे नाव असते. कोसबाडचे नाव मला तरी अजून कोठे आढळलेले नाही. दोहोंत फरक आहे, हे मान्य. डेन्मार्कच्या मुलाला घरातून रानात न्यायचे होते. वारल्याचे मूल रानातच होते, त्याच्याकडे जायचे होते. पहिल्यासाठी उत्साह लागतो. दुसऱ्यासाठी आधी आपला चढेपणा उतरवून ठेवावा लागतो.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ च्या ऑगस्टअखेर त्या गेल्या. अनुताईंनी टेकडी सोडली नाही. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. मध्यंतरी एक मोठी घटना घडली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रासाठी जे नाव घेतले ते अंगणवाडी. आज मणिपुरापासून केरळापर्यंत ते चालते. बोर्डीच्या पाड्यावरचा शब्द साऱ्या हिंदुस्थानाचा झाला.

पण त्याचा सख्खा भाऊ, कुरणशाळा हा शब्द, टेकडीखाली उतरला नाही. असे का व्हावे? मी यावर बराच विचार केला आहे. अंगणाला छप्पर घालता येते. मग त्याला दार येते, कुलूप येते, भिंतीवर वजनाचा तक्ता येतो, हजेरीपट येतो. वरून तपासनीस आला तर त्याला खुर्ची देता येते. कुरणाला हे काहीच करता येत नाही. कुरणशाळा तपासायची तर साहेबाला गुरांमागे चालावे लागेल. सरकारने अंगण घेतले आणि त्याची खोली केली. कुरण तसेच राहिले. अंगणवाडीने लक्षावधी मुलांच्या तोंडी घास घातला, तिच्या सेविका तुटपुंज्या मानधनावर राबतात, त्यांना मी नावे ठेवीत नाही. पण मुलाला जे आधीच येते ते पहिल्या दिवशी विचारून घ्यायचे, ही जी कुरणशाळेची मूळ मेख, ती त्या योजनेत मला कोठे दिसत नाही.

विदर्भात ही मेख एका वनाधिकाऱ्याने ओळखली होती. मारुती चितमपल्ली सोलापूरचे; १९३२ चा जन्म. वनखात्यात छत्तीस वर्षे काढून १९९० साली मेळघाटातून निवृत्त झाले, आणि पुढे बराच काळ नागपुरात राहिले. त्यांची पुस्तके वाचताना ध्यानात येते की त्यांचे गुरू खात्याच्या परीक्षांतले नव्हते. नवेगाव बांधचे माधवराव पाटील, ठिकठिकाणचे गोंड, कोरकू, ढीवर, फासेपारधी, यांच्याकडून ऐकलेले त्यांनी टिपून ठेवले आणि त्यातून पक्षिकोश उभा केला. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' असा सुरेख शब्द त्यांनी मराठीला दिला. १८ जून २०२५ रोजी त्यांचे सोलापुरात निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा; या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. तो बहुधा दिवाळीच्या आगेमागेच येतो. शाळांना सुट्टी असते किंवा नुकतीच संपलेली असते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तो घोषवाक्यांच्या फलकावरच आटोपतो.

या सप्ताहात मी मुलांना गोरेवाड्याच्या बाजूला नेतो. गोरेवाड्याचे रान सुमारे १,९०० हेक्टरांचे, शहराला अगदी खेटून. आत बिबटे आहेत, मोर आहेत, आणि २०२१ पासून प्राणिसंग्रहालयाची सफारीही आहे. काचेच्या गाडीतून वाघ पाहणे मुलांना आवडते आणि मला त्यात वावगे वाटत नाही. पण माझा वर्ग कुंपणाबाहेर भरतो. तेथे एक म्हातारा गुराखी दहा-बारा गाई घेऊन येतो. सुरुवातीला तो आम्हाला चुकवी. शाळेची मुले आणि मास्तर म्हटल्यावर आता काहीतरी भाषण होणार अशी त्याला धास्ती असावी. तीन रविवार मी नुसता त्याच्या शेजारी बसून राहिलो. चौथ्या रविवारी त्याने आपणहून काठीने गवतातली ओल दाखवली. रात्री तेथे रानडुकरे लोळून गेली होती.

आता मुले त्याच्याभोवती गोळा होतात. त्यांच्या वह्यांत त्याने सांगितलेली गवतांची तेरा नावे आहेत, त्यांपैकी पाच मला कोणत्याही पुस्तकात सापडलेली नाहीत. मुले मला सर म्हणतात तशी एकदा त्यालाही सर म्हणाली. तो खूप हसला. "सर तं हे होत ना बाप्पा," असे म्हणून त्याने माझ्याकडे काठी रोखली, आणि गाई रस्त्याकडे वळल्या होत्या त्या वळवायला उठला. मुले वह्या घेऊन त्याच्या मागे गेली.